गिझर सावकाश तापतो, पण दोष नेमका कुठे आहे?

प्रश्न : आमचा १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर सहा वर्षांचा आहे. पूर्वी वीस-पंचवीस मिनिटांत पाणी कढत होत असे. या हिवाळ्यात चाळीस मिनिटे झाली तरी ते कोमटच राहते आणि पहाटे स्नान करणाऱ्या सासूबाईंचा खोळंबा होतो. पाणी बोअरचे आहे. मेकॅनिक म्हणतो की जास्त स्टारचा नवा गिझर घ्या, तो लवकर तापेल. आम्हाला सध्या दोन हजारांहून अधिक खर्च झेपणार नाही. गिझरखालच्या व्हॉल्व्हमधून थेंबही पडतात. तिथे बूच मारावे का? – एक वाचक भगिनी, निफाड

उत्तर : स्टारचा मुद्दा आधी निकालात काढतो. साठवणीच्या गिझरवरील स्टार हे तापलेले पाणी टाकीत नुसते उभे असताना किती उष्णता वाया जाते यावरून ठरतात. पाणी किती वेळात तापेल हे कॉइलच्या वॅटवर अवलंबून असते. नवा गिझरही २००० वॅटचाच असेल, तर तो जुन्या निर्दोष गिझरहून लवकर तापणार नाही.

आता आपल्या गिझरला किती वेळ लागायला हवा ते पाहू. गच्चीवरच्या टाकीतले पाणी मे महिन्यात ३० अंश असेल, तर १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला २००० वॅटच्या कॉइलला साधारण १६ मिनिटे लागतात. निफाडच्या थंडीत तेच पाणी पहाटे १५ अंशांवर आले, तर साधारण २४ मिनिटे लागतात. त्यातच पहाटे व्होल्टेज २३० ऐवजी २०० मिळत असेल, तर कॉइलची ताकद १५०० वॅटपर्यंत उतरते आणि वेळ ३१ मिनिटांवर जातो. म्हणजे थोडा उशीर हा ऋतूचा आणि विजेचा आहे, पण चाळीस मिनिटांनंतरही पाणी कोमट राहणे एवढ्याने समजत नाही. गिझरमध्ये काहीतरी बिघाड आहे, आणि तो ओळखायला पैसा लागत नाही.

घरातील फ्रिज आणि इन्व्हर्टरसह सारे काही बंद करून फक्त गिझर चालू ठेवावा आणि वीजमीटरवर लुकलुकणारा लहान दिवा पाहावा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरवरच छापलेले असते. तो आकडा ३२०० असेल, तर २००० वॅटचा गिझर चालू असताना दिवा मिनिटाला सुमारे १०७ वेळा लुकलुकायला हवा. ८०च्या आसपास मोजला गेला, तर व्होल्टेज कमी आहे. दिवा मुळीच लुकलुकला नाही, तर कॉइल जळली असेल किंवा उष्णतेचा सुरक्षा-कटआउट पडला असेल. आपल्या वर्णनावरून मला तिसरीच शक्यता अधिक वाटते : दिवा काही मिनिटे पूर्ण वेगाने लुकलुकेल, पाणी कोमट असतानाच थांबेल आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होईल.

तसे दिसले, तर कारण बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत. पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाशी जी पांढरी खपली धरते, तीच कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या (पाणी पुरेसे तापले की वीज तोडणाऱ्या भागाच्या) नळीवर जाड बसते. खपलीखाली उष्णता अडकते, थर्मोस्टॅटला पाणी तापल्याचा भास होतो आणि तो वीज तोडतो. कॉइल आपले काम करू पाहत असते, पण तिला वेळच मिळत नाही. अशा वेळी केवळ नवी कॉइल बसवून भागत नाही. टाकीच्या तळाशी साचलेला गाळही काढावा लागतो.

हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, पण समोर उभे राहावे. नुसते बटण बंद करून चालणार नाही, एमसीबी (वीजपेटीतला खटका) पाडावी. टाकी रिकामी झाल्यावर कॉइल बाहेर काढून, एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून त्यात तिचा फक्त धातूचा भाग बुडवून ठेवावा. तारा जोडण्याची टोके कोरडी राहिली पाहिजेत. संडास धुण्याचे ॲसिड कोणी सुचवले, तर ठामपणे नकार द्यावा, कारण ते कॉइलचे आवरण आणि टाकीचा आतला लेप दोन्ही खाते. परत बसवताना रबरी गॅस्केट नवे घ्यावे. टाकीला गंजापासून वाचवणारा अ‍ॅनोड रॉड सहा वर्षांत झिजून गेला असण्याचीच शक्यता फार, म्हणून तोही बदलावा. गरम पाण्याच्या नळाला अखंड धार येईपर्यंत वीज सुरू करू नये. कोरडी कॉइल क्षणात जळते.

गॅस्केट, रॉड, लागलाच तर थर्मोस्टॅट आणि मजुरी यांचे दर वेगवेगळे विचारून घ्यावेत. हे सारे आपल्या दोन हजारांत बसावे असे मला वाटते. मात्र टाकीचे पत्रेच गळत असतील, तर दुरुस्तीवर एक रुपयाही घालू नये. नळाला हात लावताना झिणझिण्या जाणवल्या, तर गिझर त्याच क्षणी बंद करून आधी अर्थिंग तपासून घ्यावे.

व्हॉल्व्हला बूच मात्र कदापि मारू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तापताना पाणी फुगते. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत गेले की जवळजवळ पाव लिटर जास्तीचे होते, आणि ते थेंबाथेंबाने बाहेर पडणे हेच त्या व्हॉल्व्हचे काम आहे. वाट बंद केली, तर तो दाब टाकीवर येतो आणि थर्मोस्टॅट बिघडलाच तर टाकी फुटू शकते. गिझर थंड असतानाही थेंब थांबत नसतील, तर व्हॉल्व्ह बदलावा. तोवर खाली एक नळी लावून पाणी बादलीत सोडावे.