दोषारोपपत्रावर ‘नागरी सेवा नियम’ लिहिलं म्हणून म्हाडाचा कर्मचारी सरकारी होतो का?

प्रश्न : मी म्हाडाच्या विदर्भातील एका विभागीय मंडळात कनिष्ठ अभियंता आहे. 2009 साली थेट भरतीने लागलो. वसाहतीतल्या दुरुस्तीच्या कामाची मोजमाप पुस्तिकेत जादा नोंद केल्याचा ठपका ठेवून मला निलंबित केलं आहे. आता दोषारोपपत्र मिळालं. त्यावर ‘महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम 1979, नियम 8’ असा उल्लेख आहे आणि उत्तराला दहा दिवसांची मुदत आहे. एक सहकारी म्हणतो, तू सरकारी नोकर आहेस, कलम 311 लागू आहे, मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जा. दुसरा म्हणतो, प्राधिकरणाच्या माणसाला कसलंच संरक्षण नसतं. मी नक्की कोण?

उत्तर : दोघेही चुकत आहेत. दुसऱ्याचं म्हणणं जास्त घातक, कारण ते ऐकून माणूस लढायच्या आधीच खचतो.

राज्यघटनेच्या कलम 311 चं संरक्षण केंद्राच्या किंवा राज्याच्या सेवेत नागरी पद धारण करणाऱ्याला मिळतं. म्हाडा 1976 च्या अधिनियमाने निर्माण झालेलं स्वतंत्र प्राधिकरण आहे. जुनं विदर्भ गृहनिर्माण मंडळही त्यातच विलीन झालं. नेमणूक कोण करतं, कामावर ताबा कोणाचा, पगार कुठून येतो, काढून कोण टाकू शकतं, या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 च्या कनकचंद्र दत्त प्रकरणात घालून दिल्या. त्या लावल्या तर तुमचा मालक प्राधिकरण आहे, राज्य शासन नव्हे. शासनाच्या एखाद्या खात्यातून म्हाडात प्रतिनियुक्तीवर आलेला अभियंता मात्र मूळ खात्याचाच, म्हणजे सरकारी नोकर राहतो. तुमच्या शेजारच्या टेबलावर असा कोणी बसत असेल तर त्याच्या प्रकरणावरून स्वतःचे आडाखे बांधू नका.

मग दोषारोपपत्रावर 1979 चे नियम कसे? अनेक मंडळं आणि महामंडळं शिस्तभंगासाठी वेगळी नियमावली न करता शासनाचेच नियम स्वीकारतात. नियम स्वीकारल्याने कार्यपद्धती लागू होते, दर्जा बदलत नाही. पण ती कार्यपद्धती पाळणं प्राधिकरणावर बंधनकारक होतं, आणि तुमची खरी ताकद इथे आहे.

1975 च्या सुखदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे ओएनजीसी, एलआयसी आणि औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्मचारी होते. न्यायालयाने सांगितलं की कायद्याने स्थापन झालेल्या अशा संस्था कलम 12 खाली ‘राज्य’ आहेत, म्हणजे मूलभूत हक्क पाळणं त्यांच्यावरही बंधनकारक आहे, आणि त्यांच्या सेवा विनियमांना कायद्याचं बळ आहे. ते डावलून कोणाला काढलं तर ती बडतर्फी रद्द ठरते आणि तो कर्मचारी सेवेतच असल्याचं न्यायालय जाहीर करू शकतं. कलम 311 नसलं तरी समानतेचं कलम 14 आहेच. तीन महिन्यांची नोटीस दिली की कारण न सांगता काढता येईल, हे सेवानियमातलं कलम 1986 च्या ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात याच पायावर रद्द झालं.

मॅटचा दरवाजा तुमच्यासाठी नाही. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम 1985 नुसार महामंडळांचे कर्मचारी तिथे आणायचे तर शासनाला स्वतंत्र अधिसूचना काढावी लागते. तुमचा मार्ग कलम 226 खाली उच्च न्यायालयाचा, म्हणजे विदर्भासाठी नागपूर खंडपीठाचा. पण आत्ताच तिकडे धावू नका. नुसत्या दोषारोपपत्राला दिलेलं आव्हान न्यायालय सहसा ऐकत नाही. 2006 च्या कुनिशेट्टी सत्यनारायण निकालात हे स्पष्ट आहे. अपवाद राहतात ते अधिकारच नसलेल्याने दोषारोपपत्र काढलं असेल, अशा प्रकारचे. त्यामुळे तुमचा नेमणूक आदेश कोणाच्या सहीचा आहे आणि दोषारोपपत्र कोणाच्या, हे आज रात्रीच ताडून पाहा.

दहा दिवस वाया घालवू नका. ज्या मोजमाप पुस्तिकेवर आरोप उभा आहे ती, पुन्हा मोजणी झाली असल्यास तिचा अहवाल, ठेकेदाराची देयकं आणि साक्षीदारांचे जबाब लेखी मागा आणि ते मिळेपर्यंत मुदतवाढ मागा. अर्जाची पोच ठेवा. कागद न देता चौकशी उरकली तर ती टिकत नाही, हे 1986 च्या काशीनाथ दीक्षिला प्रकरणात ठरलं आहे. मुदतवाढ नाकारली तर आरोप अमान्य असल्याचं निदान थोडक्यात उत्तर वेळेत द्याच. पुस्तिकेवर उपअभियंत्याने तपासणीची सही केली असेल तर ते नक्की लिहा. मात्र त्याच्यावर ढकलण्याच्या सुरात नको, मोजणीच्या टप्प्यांचा क्रम म्हणून लिहा.

निलंबनाच्या काळातला निर्वाह भत्ता दरमहा मिळतोय का, हे बघा. तो थकल्यामुळे कर्मचारी चौकशीला येऊ शकला नाही, म्हणून एकतर्फी चौकशी रद्द झाल्याचं 1999 चं पॉल अँथनी प्रकरण आहे. तिथला मालकही खात्याबाहेरची सरकारी कंपनीच होती. पुढे चौकशी अहवाल तुमच्याविरुद्ध गेला तर शिक्षेपूर्वी त्याची प्रत मिळण्याचा हक्क 1993 च्या करुणाकर निकालाने सरकारी, निमसरकारी, खासगी अशा सर्वच कर्मचाऱ्यांना दिला आहे.

आणखी एक गोष्ट, ती मला मनापासून खटकते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यासाठी तुम्ही पूर्णपणे ‘लोकसेवक’ आहात. पण कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरण्याआधी शासनाची मंजुरी घेण्याचं फौजदारी संहितेतलं कवच महामंडळाच्या कर्मचाऱ्यांना नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 च्या मोहम्मद हादी राजा प्रकरणात सांगितलं. जबाबदारी सरकारी नोकराइतकी आणि कवच त्याहून कमी, ही विषमता कायदेमंडळाने दूर करायला हवी. तोवर मोजमाप पुस्तिकेबाबत पोलीस किंवा एसीबीकडे (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे) तक्रार झाल्याचं कळलं तर खात्यातल्या उत्तरातला प्रत्येक शब्द फौजदारी वकिलाला दाखवूनच सही करा. खात्यात घाईने लिहिलेली कबुली फौजदारी न्यायालयातही तुमच्याविरुद्ध वाचली जाऊ शकते.