राणी काहीच करत नाही

"मॅडम, ती सारखी त्या राण्यांच्या कादंबऱ्यांत बुडालेली असते. पुस्तकं काढून घेऊ का?" वयात येणाऱ्या मुलींच्या आया समुपदेशनाच्या वेळी मला हा प्रश्न इतक्यांदा विचारतात, की एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. ही हकीकत अशाच एका मायलेकींची. दोघींना विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

मुलगी सतरा वर्षांची, हुशार, कधी उलट उत्तर न देणारी. कादंबरीचा पहिला भाग तिने दोन रात्रींत संपवला होता. त्यात तिच्याच वयाच्या मुलीला गादी मिळते. दुसऱ्या भागात तीच राणी राजवाड्यात अडकते: राजमुद्रा काकाच्या ताब्यात, दाराशी पहारा, दरबारात तिने फक्त मान डोलवायची. पुस्तक निम्म्यावर आलं आणि मुलीचं बिनसलं. पुस्तक मिटून ठेवलं, जेवताना गप्प, आईवर चिडचिड. आईने सगळं खापर कादंबरीवर फोडलं.

सुरुवातीला मी घाई केली. दुसऱ्याच भेटीत विचारलं, "तुलाही असं अडकल्यासारखं वाटतं का?" ती "नाही" म्हणाली आणि पुढच्या दोन भेटी हो-नाहीवर गेल्या. मग मी दोन्ही भाग आणून वाचले आणि ठरवलं, आता राजवाड्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. तिच्या घराचा विषय मी काढणार नाही.

"मला तिचा रागच येतो," ती म्हणाली. "नुसती बसून असते. काहीच करत नाही."

"दिवसभर काय काय करते, ते सांग ना."

"पहारा कधी बदलतो ते बघते. दासींची नावं पाठ करते." ती थांबली. "त्या एका फर्मानावर सही करत नाही."

"का?"

"तिला ते पटलेलं नसतं."

"काका चिडतो?"

"खूप. तरी नाही करत."

बराच वेळ ती बॅगेची चेन उघडझाप करत राहिली. मी बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला या कामात सगळ्यांत उशिरा जमलं आणि त्या दिवशी ते कामी आलं. शेवटी ती हळूच म्हणाली, "मी डॉक्टर होणार, हे मी सहावीत असताना ठरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या."

मला जे दोन भेटींत काढून घेता आलं नव्हतं, ते राणीने तिच्याकडून वदवून घेतलं. मुलं गोष्टीत पळून जातात, असं आपण म्हणतो. माझा अनुभव असा, की पुष्कळदा स्वतःकडे बघायला ती तिथे जातात, कारण तिथे कुणी त्यांच्याकडे बघत नसतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये स्वतःची ओळख घडण्याच्या चार अवस्था मांडल्या. त्यांतल्या एकीत मूल स्वतः शोध न घेताच दुसऱ्यांनी दिलेली ओळख पक्की धरून बसतं. बाहेरून हे शहाणपणासारखं दिसतं, म्हणून अशा मुलांची काळजी कुणालाच वाटत नाही. पहिल्या भागात मुकुट मिळतो. तो आपल्याला हवा होता का, हे राणी दुसऱ्या भागात स्वतःला विचारते. म्हणूनच तो भाग वाचायला जड जातो.

पुढच्या भेटीत मी तिला व्हिक्टोरिया राणीबद्दल सांगितलं. २० जून १८३७ रोजी अठराव्या वर्षी ती इंग्लंडच्या गादीवर आली. तोवर ती आईच्याच खोलीत झोपायची. कुणाचा हात धरल्याशिवाय जिना उतरायचीही परवानगी नव्हती. राणी झाल्यावर तिने आधी मागितला एकटीसाठी एक तास, आणि आपला पलंग आईच्या खोलीतून हलवायला सांगितला.

"मग आईला घालवून दिलं?" तिने घाबरून विचारलं.

"नाही. आई राजवाड्यातच राहिली. खोली वेगळी, तीही बरीच लांब."

ती हसली. तिची भीती काय होती, ते मला तेव्हा कळलं: एकदा नाही म्हटलं की माणसं जातात.

तिने वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडलेला नाही. घरी मागितला फक्त रोज एक तास, दार लावून, हिशेब न देता. आईला ते जड गेलं. आईला सांगितलं तेच इतरांनाही सांगते. पुस्तक हिसकावू नका, स्वतः वाचा. मुलीला कोणत्या पात्राचा राग येतो, ते विचारा. "तुझंही असंच आहे ना?" हे मात्र विचारू नका; माझ्या दोन भेटी त्यापायी गेल्या. आणि झोप, भूक, मैत्रिणी, अभ्यास हे सगळंच दोन आठवडे विस्कटलेलं राहिलं, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं कानावर आलं, तर पुस्तकाशी वाद घालत बसू नका. लगेच तज्ज्ञांना भेटा.

शेवटच्या भेटीला आई एकटीच आली. "रोज तासभर दार लावून बसते. आत काय करते, कोण जाणे."

"विचारलंत?"

"नाही." मग जरा वेळाने म्हणाल्या, "काल बाहेर आली आणि विचारलं, आई, पहिला भाग वाचून झाला का तुझा?"