डाग ओला आहे तोवर

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रात्री फोन हातातून सुटत नाही आणि जे पाहू नये ते पाहिलं जातं. रूममेटच्या पाकिटातले ५०० रुपये न विचारता घेतले, ते परत ठेवायचे राहून गेले. १ जानेवारीला उत्पत्तीपासून धरलेलं बायबल लेवीय या तिसऱ्या पुस्तकात येऊन अडकलं. आणि या सगळ्यामुळे येत्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात तेव्हा, मागच्या बाकावर बसून राहायचा तुझा बेत आहे. शेवटून सुरुवात करतो, कारण खरी गफलत तिथे आहे.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा ११ वा अध्याय उघड. हे पत्र प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला (चर्चला) लिहिलं. २८ व्या वचनात तो म्हणतो की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. परीक्षा करून घरी बसावं, असं त्याने कुठेही लिहिलेलं नाही. २७ व्या वचनातले ‘अयोग्य प्रकारे’ खाण्याबद्दलचे शब्द वाचून आपण आपली लायकी मोजत बसतो, पण ते शब्द जेवणाच्या रीतीबद्दल आहेत. करिंथातली रीत काय होती, ते २१ व्या वचनात दिसतं: काही जण आधीच येऊन आपापलं जेवून घेत, गरीब उपाशी राहत, आणि कोणी तर प्यायलेला असे. पौल त्यावर भडकला होता. लायक माणसांनाच बोलावायचं असतं तर पहिल्याच रात्री, येशू शिष्यांबरोबर जेवला तेव्हा, ती माडी रिकामी राहिली असती. तिथे कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणारा शिष्य पेत्र बसला होता.

तेव्हा प्रभुभोजनाच्या मेजाकडे यायचंच आहे. फक्त येताना परीक्षा झालेली हवी. ती कशी करायची, एवढंच या पत्रात.

आपल्याकडे शुद्धता म्हटलं की नकळत सोवळं मनात येतं, चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातसुद्धा. सोवळं बाहेरच्या स्पर्शाने मोडतं, म्हणून माणूस जन्मभर अंग चोरून चालतो. मार्काच्या ७ व्या अध्यायात येशूने हे उलटं करून टाकलं: आतून बाहेर येतं ते माणसाला विटाळतं. तिथली यादी सावकाश वाच. व्यभिचाराच्या रांगेतच मत्सर, निंदा, गर्व बसलेले आहेत. तरुण संघाच्या शिबिरांत पहिल्यावर सत्रांमागून सत्रं होतात आणि बाकीच्यांची पंगत मात्र चहाच्या वेळी खुशाल रंगते, हे मला फार वर्षं खटकत आलं आहे. ऑफिसात गणपतीचा मोदक पुढे आला तर काय करायचं, हे वेगळ्या पत्राचं काम आहे; पहिल्या करिंथचे ८ आणि १० हे अध्याय तोवर वाचून ठेव. सध्या एवढंच कर: घ्यायचा नसेल तर हसून, हात जोडून नको म्हण. नाकारताना मनात समोरच्याबद्दल जी तुच्छता येते, ती मोदकापेक्षा जास्त विटाळते.

आता ५१ वं स्तोत्र. दुसऱ्या वचनात दावीद राजा ‘मला धू’ म्हणतो, तिथलं हिब्रू क्रियापद कपडे धुण्याचं आहे, तुडवून-चोळून मळ काढण्याचं. अंग धुण्यासाठी त्या भाषेत दुसरं क्रियापद आहे. आणि दहाव्या वचनात शुद्ध हृदय ‘उत्पन्न कर’ म्हणताना तो ‘बारा’ हे क्रियापद वापरतो, जे बायबलच्या पहिल्याच वाक्यात आकाश आणि पृथ्वी यांच्यासाठी आलेलं आहे. म्हणजे नवं हृदय घडवणं तुझ्या हातचं नाही, ते ओझं उतरवून ठेव. धुणं मात्र रोज टाकायचं, आणि डाग ओला असतानाच.

हे स्तोत्र ज्या प्रसंगाचं मानलं जातं तो २ शमुवेल ११ मध्ये आहे. तो पायरीपायरीने वाच. राजे लढाईवर निघतात त्या दिवसांत दावीद यरुशलेमेतच राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फेऱ्या मारू लागला. बाई स्नान करताना दिसली. त्याने चौकशी केली. ही उरियाची बायको आहे, असं उत्तर मिळालं. तरी त्याने माणसं पाठवली. यात ‘दिसणं’ तिसऱ्या पायरीवर आहे. आपण लढायला उभे राहतो ते थेट पाचवीवर, जिथे पाय आधीच घसरलेला असतो. पहिल्या दोन पायऱ्या दिसायला निरुपद्रवी असतात, आणि थांबणं सोपं असतं ते तिथेच.

तुझ्या रात्रीला हेच लाव. उशिरा जेवण, अंथरुणात आडवं पडून फोन, ‘पाचच मिनिटं’ म्हणून रील्स, आणि मग एक वाजता ती दुसरी साइट. युद्ध एक वाजताचं नाही, साडेदहाचं आहे. फोनचा चार्जर आजच झोपायच्या खोलीतून काढून स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ लाव. उठायला गजराचं साधं घड्याळ घे, कारण ‘गजरासाठी फोन उशाशी लागतो’ ही सबब सर्वांत चिवट आहे. साइट बंद करणारं ॲप टाकलंस तर त्याचा पासवर्ड दुसऱ्या कोणाला ठेवायला दे. स्वतःच्या कुलपाची किल्ली स्वतःच्याच खिशात असली की ते कुलूप चार दिवस टिकतं. पहिले दहा-पंधरा दिवस हात रिकामे वाटतील, झोप लवकर येणार नाही. ते धरूनच चाल.

भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांतलं दोन एकत्र आलं की घसरण जवळ आली असं समज. त्या संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी जेव, कोणाला तरी फोन कर, लवकर झोप. यात अध्यात्म कमी पडतं असं वाटत असेल तर १ राजे १९ बघ: संदेष्टा एलीया मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, तेही दोनदा.

विचार आलाच तर त्याच्याशी झोंबाझोंबी करू नकोस, ती त्याला आवडते. उठ, दिवा लाव, तोंडावर पाणी मार, आणि पाठ असलेलं एक वचन मोठ्याने म्हण. मत्तय ४ मध्ये येशूने सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आहेत, आणि रानात त्याच्यापाशी शास्त्राची गुंडाळी नव्हती. महिन्याला एक वचन पाठ कर, वर्षाला बारा. आठवड्याला एक म्हणून बावन्न धरणारे फेब्रुवारीत सोडून देतात.

रोजचं धुणं म्हणजे झोपण्याआधीची दहा मिनिटं. जेझुइट संघ स्थापणाऱ्या लोयोलाच्या इग्नाशियसने सोळाव्या शतकात आपल्या लोकांना अशी परीक्षा दिवसातून दोनदा करायला लावली, दुपारी आणि रात्री; तू रात्रीची तरी कर. दोन मिनिटं आभार, नेमक्या गोष्टींचे. चार मिनिटं दिवस तासातासाने मागे फिरवून बघायचा. दोन मिनिटांत जे सापडलं त्याला नाव द्यायचं. उरलेल्या दोन मिनिटांत उद्याचं एकच पाऊल ठरवायचं. बिघडतं ते नाव देण्यात. ‘प्रभो, मी पापी आहे’ म्हणायला काहीच लागत नाही, त्यात लपायला भरपूर जागा असते. ‘आज साडेतीनच्या मीटिंगमध्ये तिचं काम मी माझं म्हणून सांगितलं’ हे म्हणायला जड जातं. म्हणून तेच म्हण. दहा मिनिटं झाली की उठ. त्यापुढे पश्चात्ताप संपून स्वतःभोवती घिरट्या सुरू होतात.

एकदा कबूल केलेलं, भरपाई केलेलं पाप पुन्हा पुन्हा उकरून काढू नकोस. माझ्या पत्राचा हा भाग तुला लागू नसेलही, पण मंडळीत असे तरुण असतात: मनात नकोसे, देवनिंदेचे विचार आपोआप येतात, ते दिवसातून वीसदा क्षमा मागतात, हात धुतात, प्रार्थना ‘चुकली’ म्हणून पहिल्यापासून म्हणतात. तो विवेक नव्हे, आजार असू शकतो, आणि त्याला औषधोपचार आहे. अशाला पाळकांबरोबरच मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जावं. उपवास वाढवायला सांगू नये.

फोनचं प्रकरण मात्र एकट्याने सुटणार नाही. हळदीचा डाग कधी साबणाने चोळून बघ, लालभडक होतो. धुऊन तोच कपडा उन्हात टाकला की डाग विरत जातो. योहान पहिल्या पत्रात शुद्ध होण्याआधी प्रकाशात चालण्याचं का सांगतो, ते तिथे कळतं. याकोब ५:१६ प्रमाणे कोणा एका माणसापाशी हे बोल. कॅथलिकांना पापनिवेदनाची सोय आहे आणि ऐकलेलं धर्मगुरूच्या बाहेर जात नाही. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती खिडकी नाही, म्हणून माणूस शोधावा लागतो. पुरुषाने पुरुष, बाईने बाई, वयाने दहा-पंधरा वर्षं मोठं, शक्यतो नात्यातलं नाही. जो दुसऱ्यांची गुपितं तुला सांगतो, तो तुझी तिसऱ्याला सांगणार; तो बाद. पंधरवड्याला अर्धा तास, समोरासमोर. बुधवारच्या प्रार्थनासभेत ‘साक्ष’ म्हणून हे उघडं करू नकोस. तिथून ते प्रार्थनाविनंतीच्या नावाने गावभर होतं.

आता ५०० रुपये. जिथे तुझं वाचन अडकलं, त्याच लेवीयाच्या ६ व्या अध्यायात याचं उत्तर आहे. घेतलेलं पुरतं परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि दोषार्पणाच्या, म्हणजे दोषाबद्दल यज्ञ करायच्या, दिवशीच मालकाच्या हातात द्यायचं. म्हणजे ६००. गुपचूप पाकिटात सरकवू नकोस, हातात दे. वाक्य छोटं ठेव: ‘मी तुझ्या पाकिटातून न विचारता ५०० घेतले होते. चूक झाली. हे घे.’ ‘मला गरज होती’, ‘परत ठेवायचेच होते’, ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ ही तिन्ही शेपटं छाट. तो चिडला तर चिडू दे, तो त्याचा हक्क आहे.

वाचनाचं सोपं आहे. संपूर्ण बायबलात १,१८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच धरले की वर्षात होतं, पण पहिल्या वर्षी ते तुला झेपायचं नाही. मार्कापासून धर, सोळा अध्याय, सोळा दिवस. मग उरलेला नवा करार. आठवड्याला पाच अध्याय या चालीने सगळ्या २६० अध्यायांना बरोबर एक वर्ष लागतं. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही. थकबाकी साठली की पुस्तक बंद होतं. मोठ्याने वाच.

उपवास करायचा म्हणतोयस तर शुक्रवारचं दुपारचं जेवण सोड, पाणी पी, आणि वाचलेले पैसे त्याच दिवशी कोणा भुकेल्याला दे. यशया ५८ मध्ये उपवासाची खूण तीच आहे. संध्याकाळी ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ होऊ देऊ नकोस. मधुमेह किंवा खाण्याची काही तक्रार असेल तर हे तुझ्यासाठी नाही. आणि कोणाला सांगू नकोस.

तर शुक्रवारी पैसे दे. शनिवारी रात्री ५१ वं स्तोत्र, दहा मिनिटं, फोन ओट्यावर. रविवारी पुढच्या बाकावर बस, आणि भाकर आली की हात पुढे कर.

प्रभूमध्ये तुझा,
काका

ता. क. घड्याळ चावीचं घे. सेलचं नेमकं रविवारी पहाटे बंद पडतं.