स्वर न बदलता गाण्याची गती कमी करताना

सरावासाठी गाण्याची गती कमी करायला आपण ऑडॅसिटी (ध्वनी संपादनाचे मोफत सॉफ्टवेअर) वापरायला घेतले आहे, ही निवड नवशिक्यासाठी योग्यच आहे. त्यात 'चेंज टेम्पो' (स्वर तोच ठेवून गती बदलणारा) हाच परिणाम (इफेक्ट) निवडावा. नुसती 'स्पीड' बदलली की स्वरही सरकतो आणि निम्म्या गतीला गाणे थेट एक सप्तक खाली उतरते. बहुतेकांची पहिली गफलत इथेच होते.

टेम्पो बदलताना ध्वनीचे अगदी छोटे तुकडे करून ते नव्या अंतराने, कडा एकमेकींत मिसळून जोडले जातात, त्यामुळे गती फार कमी केल्यास तालवाद्यांचे आघात पुसट किंवा दुहेरी ऐकू येतात आणि आवाजाला धातूसारखी किणकिण येते. म्हणून आरंभी उणे २० टक्क्यांवर थांबावे. चार मिनिटांचे गाणे पाच मिनिटांचे होते आणि सरावाला तेवढे सहसा पुरते.

आणखी दोन गोष्टी पाळाव्यात:

- गती पुन्हा बदलायची असल्यास प्रत्येक वेळी मूळ फाइलपासूनच सुरुवात करावी, कारण बदललेल्या फाइलवर पुन्हा प्रक्रिया केल्यास दोष साचत जातात.
- शक्यतो वेव्ह किंवा फ्लॅक (ध्वनीचा दर्जा न घटवता साठवणाऱ्या प्रकारची) फाइल घ्यावी.

केवळ ऐकायचे असेल, तर व्हीएलसी या मीडिया प्लेअरमध्ये गती कमी करणे पुरेसे आहे. प्रगत सेटिंग तूर्त बाजूला ठेवावीत.