दहा गुंठे राहू द्यात, ठेवीवर कर्ज काढा

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: वडील 58 वर्षांचे, शुगर आहे, भातशेती करतात. लावणीनंतर ताप हटेना. टीबी असेल म्हणून महिनाभर फिरले, शेवटी रक्ताच्या कल्चरमध्ये मेलिऑइडोसिस (मातीतल्या जंतूमुळे होणारा आजार) निघाला. बेळगावात दवाखान्यात आठवा दिवस, ताप उतरतोय, बिल 1 लाख 30 हजार. रस्त्याकडेच्या दहा गुंठ्यांना गिऱ्हाईक तयार आहे. ते विकून मुंबईला न्यावं का? 3 लाखांची ठेव आहे, पण ती बहिणीच्या लग्नाची.

विकू नका. गिऱ्हाईक 'उद्या पैसे' म्हणतंय, पण सर्व्हे नंबरातला तुकडा विकायचा तर कर्नाटकात आधी 11-ई नकाशा (त्या तुकड्याच्या हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा) लागतो, म्हणजे मोजणी आली. तोवर हातात पडेल ती फक्त विसार, आणि तुमची नड बघून भाव पाडलेला असेल तो वेगळाच.

मुंबईचं म्हणाल, तर या जंतूवरची इंजेक्शनं सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम. तिथेही हीच देतात. निदान झालंय, ताप उतरतोय, मग डॉक्टर स्वतः सांगत नाहीत तोवर हलवायचं कशाला? इंजेक्शनं किमान 10 ते 14 दिवस चालतात. लिव्हरमध्ये वगैरे गळू असेल तर आणखी आठवडे लागतात. हा आकडा डॉक्टरांकडून आजच घ्या, सगळा हिशेब त्यावरच आहे.

रेशन कार्ड कुठलं, हे तुम्ही लिहिलंच नाही! बीपीएल असेल तर 'आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक' या सरकारी योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. एपीएल असेल तर पॅकेज दराच्या (योजनेने त्या उपचाराला ठरवलेल्या रकमेच्या) 30 टक्के, दीड लाखापर्यंत. तातडीचं नसेल तर योजनेसाठी आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. योजनेत दवाखाना आहे का, हे आरोग्यमित्राला (दवाखान्यातला योजनेचा मदतनीस) विचारा. भरलेलं बिल परत मिळेल असं मात्र धरू नका.

उरलेल्या रकमेसाठी ठेव मोडू नका, तिच्यावर कर्ज काढा. बँका साधारण 90 टक्क्यांपर्यंत देतात, व्याज ठेवीपेक्षा एक-दोन टक्के जास्त. दीड लाख वर्षभर वापरले तर पदरचे जातील फार तर तीन हजार. लग्नाची रक्कम जागेवर राहील.

आता खरी गोम. इंजेक्शनं संपली की को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या, किमान तीन महिने. गोळ्या स्वस्त आहेत, म्हणूनच घात होतो. दुसऱ्या महिन्यात माणूस शेतावर जायला लागतो, पाकीट फडताळात राहतं, आणि दुखणं उलटतं. मग पुन्हा तीच इंजेक्शनं, तेच बिल. म्हणून कर्जातले 20 हजार आजच वेगळ्या खात्यात टाका: गोळ्या, दर फेरीचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियम आणि रक्ततपासणी, शुगरचं औषध, बसभाडं. दवाखान्याच्या काउंटरवर ते भरायचे नाहीत, कितीही अडलं तरी.

हा जंतू माती-चिखलात राहतो. त्या 20 हजारांतच बाबांसाठी गुडघ्यापर्यंतचे गमबूट धरा.