मामांची जुनी डब्लो नव्या डीसीसी लेआउटवर चालवायची का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मामांच्या माळ्यावरून हॉर्नबी डब्लो या जुन्या खेळण्यातल्या विजेच्या रेल्वेची पेटी आलीय, त्यात दोन इंजिनं, पत्र्याचे डबे, तीन रुळांचा ट्रॅक आणि जुना कंट्रोलर. तुमच्याकडे आधीच दोन रुळांचा डीसीसी लेआउट आहे (म्हणजे रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज, आणि इंजिनातली चिप, म्हणजे डिकोडर, डिजिटल हुकूम ओळखून वेग बदलते अशी मांडणी), तर चाकं बदलून, चिप बसवून आणि रंगाचा एक हात मारून ही इंजिनं त्याच्यावरच पळवावी का. माझं स्पष्ट मत, असं अजिबात करू नका. इंजिनाला लेआउटप्रमाणे बदलायचं नाही, त्याच्यासाठी वेगळा रूळ टाकायचा आणि मग बिनधास्त चालवायचं. काचेच्या कपाटात ठेवा असं मी मुळीच म्हणत नाहीये, कारण नुसतं पडून राहिलेलं इंजिन चालत्या इंजिनापेक्षा लवकर खराब होतं.

घोळ कुठे होतो सांगतो. डब्लो १९३८ साली लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने बाजारात आणली. तिच्या दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे तुमच्या आजच्या ट्रॅकइतकंच, त्यामुळे इंजिन तुमच्या रुळावर झकास बसतं आणि माणसाला वाटतं की झालं, आता फक्त करंट द्यायचा. पण तीन रुळांच्या पद्धतीत करंट मधल्या रुळातून वर येतो आणि चाकांतून बाहेरच्या दोन्ही रुळांत परत जातो, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधे इन्सुलेशन ठेवायची गरजच नव्हती. अशी चाकं दोन रुळांवर ठेवली की सरळ शॉर्ट. वर त्या चाकांच्या कडा एवढ्या खोल असतात की आजच्या बारीक रुळाच्या खिळ्यांवर खडखडत जातात, आणि नव्या पॉइंटवर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या सांध्यावर) तर हमखास उडी मारतात.

एक बघून घ्या. १९५९ पासून डब्लोमधे दोन रुळांची मॉडेल्सही आली होती. इंजिन उलटं करून बघा, पोटाखाली मधल्या रुळाला टेकणारी स्प्रिंगची पट्टी असेल तर तीन रुळांचं. आणि पेटीत मार्कलिन या जर्मन कंपनीचं काही मिसळलेलं असेल तर ते आधी बाजूला काढा. मार्कलिनलाही मधला रूळ असतो म्हणून लोक दोन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरवर लावतात, पण जुनं मार्कलिन एसीवर (दिशा बदलत राहणाऱ्या करंटवर) चालतं आणि डब्लो १२ व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेच्या करंटवर). डब्लोच्या मोटरमधे कायमचा मॅग्नेट असतो, तिला एसी दिला की ती जागच्या जागी गुणगुणत बसते, तापते आणि मॅग्नेटचा जोर उतरतो. डीसीसीच्या रुळावर तर कायम पूर्ण व्होल्टेजचा उलटसुलट होणारा करंट असतो, म्हणजे तिथेही तेच होणार. "अ‍ॅनालॉग (म्हणजे चिप नसलेलं) इंजिन डीसीसी कंट्रोलरच्या शून्य पत्त्यावर चालतं की" असं कोणीतरी सांगेलच, त्यांना त्यांच्या इंजिनावर करू द्या :)

चिप बसवताच येत नाही असं नाही, येते. पण त्यासाठी मोटरला करंट पोचवणाऱ्या ब्रशची एक बाजू चासीपासून (इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यापासून) तोडावी लागते, जुनी मोटर डिकोडरला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढू शकते, आणि एवढं करून हाताशी येतं ते ना धड जुनं ना धड नवं. त्या पैशात नवीन डीसीसी इंजिन घ्या.

आता कंट्रोलर. तो प्लगला लावू नका, "फक्त एकदा बघतो" म्हणूनही नाही. आतल्या वायरींवरचं रबर कडक होऊन गळून पडलेलं असतं, धातूच्या डब्याला अर्थिंग असेलच असं नाही, आणि जुन्यांमधे सेलेनियमचे रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे भाग) असतात, ते जळाले की असा घाण वास सुटतो की खोली सोडावी लागते, आणि तो धूर विषारीही असतो. डबा शोकेसमधे ठेवा, इंजिनासाठी आजचा साधा १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर घ्या, ओव्हरलोडला स्वतः बंद होणारा. मधे एक अँमीटर (करंट मोजणारा काटा) लावलात तर सोन्याहून पिवळं, कारण इंजिनाची तब्येत आवाजाआधी त्या काट्यावर कळते.

पहिल्यांदा करंट द्यायच्या आधी इंजिन उघडा. जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं असतं, चाक बोटाने फिरवलं तर अडखळतं. ते टूथपिकने खरवडून काढा, मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून गिअर पुसा, रंगाला मात्र ते लागू देऊ नका. कम्युटेटर म्हणजे आर्मेचरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) टोकाची ती तांब्याची गोल चकती, तिच्यावर काळा थर असतो, तोही तसाच पुसा, आणि तांब्याच्या तुकड्यांमधल्या ज्या बारीक फटी आहेत त्यात कार्बनची पूड अडकते ती टूथपिकच्या टोकाने काढा. निम्मी "मेलेली" इंजिनं एवढ्यावर जिवंत होतात. ब्रश झिजलेत का, स्प्रिंगला दाब आहे का बघा. तेल आर्मेचरच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगला सुईच्या टोकावर राहील तेवढंच, आणि कम्युटेटरवर एक थेंबही नाही.

आणि हो, आर्मेचर उगाच बाहेर काढू नका. काढावंच लागलं तर मॅग्नेटच्या दोन टोकांवर आधी लोखंडाचा तुकडा ठेवायचा, नाहीतर मोकळ्या मॅग्नेटचा जोर उतरतो. जोर उतरलेलं इंजिन ओळखायची गंमत अशी की ते रिकामं असताना उलट जास्त पळतं, आपण खूश होतो, आणि चार डबे जोडले की लगेच दमतं, हात लावला तर चटका. धडधाकट इंजिन साधारण अर्धा-पाऊण अँपिअर घेतं, काटा सारखा एकच्या वर जात असेल तर एकतर कुठेतरी अडकतंय किंवा मॅग्नेट गेलाय. मॅग्नेट परत भरून मिळतो, हे काम करणारी माणसं आहेत, त्यामुळे लगेच भंगारात काढू नका.

ज्याला इलाज नाही अशी गोष्ट एकच, जस्ताचा रोग. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काही ओतीव भागांत जस्ताच्या मिश्रणात शिसं मिसळलं गेलं होतं, त्यामुळे धातू आतल्या आत फुगतो, केसासारख्या भेगा पडतात, चासी कमान घेते आणि शेवटी बोटाने दाबलं की तुकडे हातात येतात. एका डब्याचा दुसऱ्याला लागत नाही, पण एकदा सुरू झाला की थांबतही नाही. दमट आणि गरम जागेत वेग वाढतो एवढंच. तुमच्या पेटीतल्या वॅगनची चाकं भिंगाखाली बघा, सगळ्यात आधी बहुतेक तिथेच दिसतं. तसं असेल तर फक्त चाकं बदला आणि जुनी चाकं पुडीत घालून डब्यावर लिहून ठेवा.

रंगाचं. नको. खरंच नको. टवके उडालेला मूळ रंग हा नव्या चकचकीत रंगापेक्षा कधीही मोलाचा, संग्राहक पहिलं तेच बघतो. ओलसर मऊ कापडाने हलकं पुसा, नंबर आणि सोनेरी रेघांच्या जागी तर जवळजवळ हातच लावू नका, कारण ते ट्रान्सफर (वरून चिकटवलेले पातळ छाप) आहेत आणि ओले झाले की उठून येतात. मूळ खोकी फाटकी असली तरी टाकू नका, कधीकधी इंजिनापेक्षा खोकं मिळणं अवघड असतं. साठवताना रबर किंवा फोम थेट रंगाला लावायचा नाही, वर्षांनी तो रंगाला चिकटतो. ॲसिड नसलेला कागद गुंडाळा.

मग चालवायचं कुठे? तुमच्याच बोर्डवर, आतल्या बाजूला तीन रुळांचा वेगळा लूप टाका. डब्लोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या १५ इंच, म्हणजे गोल ३० इंचांचा, तीन फूट रुंद जागेत आरामात मावतो. दोन्ही लूपमधे वायरचा एकसुद्धा धागा सामाईक ठेवू नका, आणि दोन्हींना जोडणारा पॉइंट तर नाहीच. तसंही तुमचं नवं इंजिन तीन रुळांवर हलणार नाही, कारण बाहेरचे दोन्ही रूळ एकाच टोकाला जोडलेले असतात. पत्र्याच्या ट्रॅकला पॉलिश पेपर मारू नका, वरचा मुलामा गेला की गंज आलाच, अल्कोहोलचं फडकं पुरे. इंजिन लूपच्या लांबच्या टोकाला मंदावत असेल तर दोष बहुतेक वेळा इंजिनात नसून ट्रॅकच्या सांध्यात असतो, मधल्या रुळाच्या जिभा सैल पडतात. त्या पकडीने हलक्या दाबा आणि लूपला दोन-तीन ठिकाणाहून करंट द्या, पण मूळ ट्रॅकवर सोल्डर न करता.

महिन्यातून एकदा तरी अर्धा तास चालवा, दोन्ही दिशांना.

आणि पुढे काय घ्यावं असं विचारलंयत, तर इंजिनाच्या मागे आत्ताच लागू नका, त्यांच्या किमतीत हौसेचा भाग फार असतो. आधी डबे आणि वॅगन घ्या, ते बरेच बनले, अजून बऱ्यापैकी मिळतात, आणि गाडी लांब झाली की खरी मजा येते. विकणारा "चालतं का ते बघितलेलं नाही" असं म्हणाला तर ते चालत नाही असंच धरून किंमत बोला. पोटाखालचा फोटो मागा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.