थंडीत सुमो सुरू होत नाही

प्रश्न : भिलारला आमची स्ट्रॉबेरी आहे. माल न्यायला १९९७ ची डिझेल सुमो. डिसेंबरात पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. सुरू झालीच तर मिसिंग करते, म्हणजे अडखळत चालते, पांढरा धूर सोडते, मग हळूहळू सुधारते. दुपारी मात्र एका चावीत सुरू. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा लागतो, विझतो. मेकॅनिक डिझेल पंप उतरवायचा म्हणतोय. उतरवू का?
— एक शेतकरी, भिलार (ता. महाबळेश्वर)

उत्तर : एवढ्यात नको, दादा. पंप गेला असता तर दुपारीही त्रास दिला असता. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. ते पोचतंय, पण पेटत नाही. तुमच्या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, छोट्या चेंबरमध्ये फवारलं जातं. पहाटे तो गार धातू दाबलेल्या हवेतली उष्णता ओढून घेतो, म्हणून तिथं हीटर प्लग, म्हणजे करंटवर तापणाऱ्या छोट्या कांड्या, लागतात. महाबळेश्वर-पाचगणीकडची अशी गाडी साताऱ्यात माझ्याकडे आली की मी आधी टेस्ट लॅम्पच (वायर जोडलेला तपासणीचा दिवा) उचलतो.

दिव्यावर विसंबू नका; प्लग जळालेला असला तरी तो लागतो. आधी चावी फिरवून चारही प्लग जोडणाऱ्या पट्टीवर करंट येतो का बघा. अकरा व्होल्टच्या खाली असेल तर रिले (प्लगना करंट सोडणारा स्विच), फ्यूज, वायर तपासा. मग चावी बंद करून ती पट्टी काढा. हे टाळू नका, कारण पट्टी असेपर्यंत एक चांगला प्लग बाकीच्यांचं दुखणं झाकतो. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं एकेका प्लगच्या डोक्याला लावा. लॅम्प लागला नाही तो प्लग मेला. मीटर असेल तर गार प्लग साधारण एक ओहम किंवा कमी दाखवतो.

खराब प्लग खोलताना इंजिन कोमट असू द्या. कार्बनने धरलेला प्लग जोर लावून मोडला तर हेड उतरवावं लागतं, आणि ऐन हंगामात ते परवडणारं नाही.

आणखी एक, कळकळीने सांगतो : एअर फिल्टरजवळ पेट्रोलचा बोळा किंवा स्प्रे मारून गाडी उठवू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन फुटू शकतो.

चारही प्लग चांगले निघाले तर बॅटरी सेल्फला जोरात फिरवते का, रात्रीत डिझेल लाईन हवा घेते का, हे बघून पुन्हा लिहा. मग कंप्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) तपासू.